आपल्या घरातलं दुखणं आणि तुझं बाळ

अगं, हा प्रश्न विचारायला तुला सातवा महिना उजाडला, यावरूनच कळतं की तो किती दिवस तुझ्या मनात घर करून बसला होता. ‘ताई, आईला झालं ते मला होईल का? आणि माझ्यातून बाळात उतरेल का?’ याचं उत्तर फोनवर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून देता येत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवते आहे. पाय वर घेऊन निवांत वाच. एका बैठकीत नाही झालं तर उरलेलं उद्या वाच, पण अर्धवट सोडू नकोस. अर्धवट माहितीनेच तुला इतके दिवस छळलंय.

तुला घरातलं सगळं तुकड्यातुकड्यांनीच कळलं आहे, तेव्हा आधी ते सलग सांगते. तुझं बारसं झालं आणि आई हळूहळू मिटत गेली. ती तुला पाजायची, पण तुझ्याकडे बघायची नाही. सकाळी माझी वेणी घालताना तिचा हात मध्येच थांबायचा. पेड हातात धरून ती भिंतीकडे बघत राहायची आणि शाळेला उशीर होतोय हे सांगायचीही मला भीती वाटायची. घरात डिप्रेशन हा शब्द कुणीच उच्चारला नाही. कुणी बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणालं, कुणी दृष्ट लागली म्हणालं, डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. मग मावशी आली आणि राहिली. पुढे आई सावरली, पण ते दुखणं अधूनमधून परत येत राहिलं, ते तूही पाहिलं आहेस. आणि दुसरे म्हणजे आजीचे भाऊ. त्यांना आवाज ऐकू यायचे, शेजारचे आपल्या जिवावर टपलेत असं वाटायचं. घरात लग्नकार्य निघालं की त्यांना मागच्या खोलीत बसवायचे आणि त्यांचं नाव निघालं की आजी विषय बदलायची. ती सगळी लक्षणं स्किझोफ्रेनियाची होती.

हे घरात झाकून ठेवलं गेलं, म्हणून तुझ्या मनात त्याचा बागुलबुवा झाला. आता एकेक उघडून बघू.

आजीच्या भावांची भीती आधी काढून टाकते. स्किझोफ्रेनिया शंभरात साधारण एकाला होतो, किंवा त्याहूनही कमी जणांना. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल तर मुलाच्या बाबतीत हा धोका शंभरात दहाच्या आसपास जातो. म्हणजे त्या घरांतही नव्वदेक मुलांना तो होत नाही. नातं जसं लांबचं तसा धोका उतरत जातो. आजीचे भाऊ आपल्यापासूनच तीन पायऱ्या दूर, तुझं बाळ चार पायऱ्या दूर. तिथवर येईतो तो धोका जवळजवळ इतर कुणाही बाळाइतकाच उरतो. तेव्हा हा विषय इथे संपला असं समज.

आईचं दुखणं जवळचं आहे, म्हणून त्याबद्दल खरं ते सांगते. डिप्रेशन असलेल्या आईवडिलांच्या मुलांना ते होण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण दुप्पट ते तिप्पट असते. हे ऐकून दचकू नकोस, पण कानाआडही करू नकोस. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असं दिसतं की डिप्रेशनच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यातला 35 ते 40 टक्के वाटा आनुवंशिकतेचा आहे. स्किझोफ्रेनियात तोच वाटा 80 टक्क्यांच्या घरात आहे. आता एवढा मोठा आकडा पाहून कुणालाही वाटेल की मग सगळं ठरलेलंच आहे. पण एकाच बीजांडातून जन्मलेली, जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असलेली जुळी भावंडं घेतली आणि त्यातल्या एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तरी निम्म्या किंवा त्याहून अधिक जोड्यांत दुसऱ्याला तो होत नाही. हे टक्के मोठ्या लोकसंख्येतले फरक मोजण्यासाठी असतात. एका बाळाकडे बोट दाखवून ‘याचं इतकं जनुकांमुळे आणि इतकं घरामुळे’ असं त्यातून काढता येत नाही. समोरची भाकरी पिठामुळे किती झाली आणि पाण्यामुळे किती, असं कुणी विचारलं तर तू काय सांगशील? तसंच आहे हे.

आणखी एक सांगते. ‘डिप्रेशनचं जनुक’ असं एकच एक जनुक नसतं. 2003 साली न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन इथल्या प्रसिद्ध अभ्यासातून असा निष्कर्ष आला होता, की सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचा विशिष्ट प्रकार ज्यांच्यात आहे त्यांना आयुष्यातले आघात अधिक लागतात आणि डिप्रेशन येतं. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. पुढे फार मोठ्या संख्येच्या अभ्यासांत तो टिकला नाही. 2019 मध्ये अशा गाजलेल्या 18 जनुकांची एकत्र तपासणी झाली, तेव्हा त्यांतल्या एकाचंही डिप्रेशनशी खास नातं दिसलं नाही. त्याच वर्षी आठ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून डिप्रेशनशी जोडलेल्या 102 जागा सापडल्या, आणि त्यांतल्या प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. म्हणून कुणी लाळेची तपासणी करून ‘तुमच्या बाळाच्या मनाचं भविष्य सांगतो’ म्हणालं, तर तिथे एक रुपया घालवू नकोस. तेवढ्या पैशांत रात्रीची बाई ठेव, त्याचा बाळाला जास्त उपयोग होईल.

मग बाळात उतरतं तरी काय? उतरतो तो कल. तू लहानपणी मिक्सर सुरू झाला की किंचाळायचीस, नवं माणूस आलं की माझ्या फ्रॉकमध्ये तोंड खुपसायचीस. मी त्याच घरात ढाराढूर झोपायचे. जेरोम केगन नावाच्या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले. पाचांतलं एक बाळ जोरजोरात हातपाय झाडून रडायचं. अशी बाळं पुढे लाजरीबुजरी, धास्तावणारी होण्याची शक्यता जास्त निघाली. पण सगळी तशी झाली नाहीत, कितीतरी जणांनी आपल्या घाबऱ्या स्वभावाशी जुळवून घेतलं. घाबऱ्या मुलाला सतत पदराआड ठेवलं तर त्याची भीती मुरते, आणि हात धरून थोडं थोडं पुढे नेलं तर ते धीट होतं. तुझं बाळ तुझ्यासारखं निघालं तर त्याला हेच लागेल. ते कसं लागतं हे तुझ्याइतकं दुसरं कोण समजून घेईल?

आता दुसरी बाजू, पहिल्या दिवसांतल्या घराची. इथे मला तुला रुमानियातली एक गोष्ट सांगायची आहे. वाचायला जड आहे, पण लहान बाळाला नेमकं काय हवं असतं ते तिच्याइतकं स्पष्ट मला दुसरीकडे दिसलं नाही. तिथे हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत 1966 साली गर्भपातावर बंदी आली, लोकांनी मुलं जन्माला घालावीत म्हणून सक्ती झाली, आणि पोसता न आलेली हजारो मुलं सरकारी अनाथगृहांत गेली. 1989 च्या डिसेंबरात ती राजवट कोसळली, तेव्हा जगाने ती मुलं पाहिली. खायला मिळत होतं, कपडे बदलले जात होते, पण खाटल्यांच्या रांगांत पडलेल्या त्या बाळांना उचलून घेणारं, त्यांच्याकडे बघून बोलणारं एक ठरलेलं माणूस नव्हतं. रडून काही होत नाही हे कळल्यावर बाळं रडायचीही थांबली होती.

2000 साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तिघांनी बुखारेस्टमध्ये अशा 136 मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवलं, बाकीची आधीच्याच व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांत चिंता आणि उदासीचे आजार पुढे बरेच कमी दिसले, माणसांशी जीव जडला, बुद्धीची वाढही सुधारली. साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना याचा सगळ्यात जास्त फायदा झाला. पण चंचलपणाचा, लक्ष न लागण्याचा त्रास कुटुंब मिळूनही तितकासा हटला नाही. म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या काही गोष्टी भरून निघतात, काही निघायला अवघड जातात. दुसरीकडे इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या रुमानियन मुलांवर मायकेल रटर यांनी जो दीर्घ अभ्यास केला, त्यात सहा महिन्यांच्या आत बाहेर आलेली मुलं पुढे जवळपास इतर मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ तिथे राहिलेल्यांतही साधारण पाचांतलं एक मूल मोठेपणापर्यंत ठणठणीत राहिलं. एवढ्या हालअपेष्टांतूनही!

हे तुला घाबरवायला सांगत नाहीये. तुझं घर म्हणजे ते अनाथगृह नव्हे. सांगायचं एवढंच की मेंदूला वाढताना दूध आणि ऊब लागते, तसंच साद घातली की प्रतिसाद देणारं माणूस लागतं. ते माणूस कसं असतं, हे मी आपल्याच न्हाणीघरात पाहिलंय.

मावशी पाटावर बसून पाय लांब करायची आणि तुला आपल्या पायांवर आडवं घ्यायची. घंगाळात बंबातलं कढत पाणी, त्यात विसण घातलेलं. साय आणि डाळीचं पीठ लावताना तिचं तोंड अखंड चालू असायचं. ‘आता कुणाचा हात धुवायचा बरं?’ असं विचारून ती थांबायची. खरोखर थांबायची, पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून. तू डोळे तिच्या ओठांवर रोखून, पाय झाडून काहीतरी ‘अं’ करायचीस. मग ती म्हणायची, ‘हो का? ह्या हाताचा नंबर का?’ आणि तोच हात धुवायची. तू हसायचीस. डोक्यावरून शेवटचं पाणी पडलं की भोकाड पसरायचीस, आणि ती तुला पंच्यात गुंडाळून छातीशी धरून गप्प होईपर्यंत डुलवत राहायची. मी दारात उभी राहून हे बघायचे. आई आत पलंगावर असायची.

मावशीने कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. पण ती ते थांबायची ना, त्यात सगळं होतं. अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक यांनी सत्तरच्या दशकात एक साधा प्रयोग केला. आईने बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग एकदम चेहरा दगडासारखा करायचा, दोनेक मिनिटं काहीच प्रतिसाद द्यायचा नाही. बाळ आधी हसून बघतं, बोट दाखवतं, हात पसरतं, मग अस्वस्थ होतं, तोंड फिरवतं, रडायला लागतं. आईचा चेहरा पुन्हा हलला की थोड्या वेळात सावरतं. डिप्रेशनमधल्या आईचा चेहरा आठवडेच्या आठवडे असा राहतो, आणि त्यात तिचा काडीचाही दोष नसतो. तुझ्या बाबतीत तो चेहरा आईचा होता, पण रोज सकाळी न्हाणीघरात दुसरा एक चेहरा तुझ्याशी बोलत होता. तू कधीकधी विचारतेस ना, ‘त्या दिवसांचं माझ्यात काय राहिलं असेल?’ मला वाटतं, मावशी राहिली.

हे मी प्रेमापोटी म्हणतेय असं समजू नकोस. हवाई बेटांतल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या जवळपास 700 मुलांचा एमी वर्नर यांनी थेट मोठेपणापर्यंत माग ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं मानसिक आजारपण किंवा दारू अशा अनेक संकटांत जन्मलेल्या मुलांतली साधारण एक तृतीयांश मुलं कर्तबगार, प्रेमळ, धड माणसं झाली. त्यांच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. आजी, मावशी, थोरलं भावंड, शिक्षक, असं निदान एक तरी खंबीर माणूस त्यांच्यापाशी होतं.

आणि हेही ऐक. ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणांत असं दिसलं, की एरवी चांगलं चाललेल्या मायलेकरांचेही सूर खेळताना फार तर एक तृतीयांश वेळ जुळलेले असतात. बाकीचा वेळ चुकतं, हुकतं, बाळ एकीकडे आणि आई दुसरीकडे असते, आणि मग पुन्हा जुळतं. हे पुन्हा जुळणंच बाळाला शिकवतं की बिघडलेलं नीट होतं. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ पन्नासच्या दशकातच सांगून गेले की बाळाला परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली आई लागते. तू मोबाइलवर ‘पहिल्या हजार दिवसांत हे केलंत तरच’ असे जे व्हिडिओ बघतेस, ते आजपासून बंद कर. पहिले दिवस मोलाचे असतात, पण एक दुपार बाळ रडत राहिलं आणि तू वैतागलीस म्हणून कुणाचं आयुष्य बिघडत नाही. मेंदूला इजा करतो तो खूप काळ चाललेला, कुणाचाही आधार नसलेला ताण.

आईला दोष देण्याची सवय जुनी आहे, आणि ती फक्त शेजारणींनाच होती असं नाही. ऑटिझम हा मायेचा ओलावा नसलेल्या आयांमुळे होतो, असं पन्नास-साठच्या दशकात मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. कितीतरी आया त्या ओझ्याखाली पिचल्या. 1977 मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास करून त्यात आनुवंशिकतेचा हात केवढा मोठा आहे ते दाखवलं, आणि हळूहळू ते ओझं उतरलं. म्हणून उद्या बाळाला काहीही झालं आणि कुणी ‘खाण तशी माती’ म्हणालं किंवा ‘आईचंच लक्ष नव्हतं’ म्हणालं, तर दोन्ही मनाला लावून घेऊ नकोस.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे येते: तुला होईल का? होऊ शकतं. म्हणून तयारी करायची. हे आपल्याकडे किती सर्रास आहे ते बघ. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 270 गरोदर बायकांचा अभ्यास केला, तो 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या 23 टक्के बायकांना डिप्रेशन होतं. चौघींत जवळजवळ एक! त्यांच्यातल्या बहुतेकींना गरोदरपणातच त्रास सुरू झाला होता. कारणं वाचशील तर घरोघरची वाटतील: पैशांची ओढाताण, नवऱ्याशी न पटणं, मारहाण, आणि मुलगी झाली म्हणून पडलेली तोंडं. त्याच बायकांच्या बाळांकडे सहा महिन्यांनी पाहिलं, तर डिप्रेशन असलेल्या आयांची बाळं वजनाला आणि बौद्धिक वाढीत थोडी मागे होती. आईचं मन आणि बाळाची वाढ हे दोन वेगळे विषय नाहीतच.

पण याची दुसरी, आशेची बाजूही तितकीच पक्की आहे. अमेरिकेत मिर्ना वाइसमन यांनी डिप्रेशनवर उपचार घेणाऱ्या 151 आया आणि त्यांची मुलं यांच्यावर लक्ष ठेवलं. 2006 मध्ये त्यांनी दाखवलं की तीन महिन्यांत ज्या आया बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांतले मानसिक आजार घटले, आणि ज्या बऱ्या झाल्या नाहीत त्यांच्या मुलांतले थोडे वाढले. उपचार चालले होते ते आयांवर. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावातल्याच आरोग्यसेविकांनी डिप्रेशन असलेल्या गरोदर बायकांच्या घरी जाऊन त्यांच्याशी ठरावीक पद्धतीने बोलायचं, असा उपक्रम झाला. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा भेटी मिळालेल्यांत 23 टक्के बायकांना डिप्रेशन उरलं होतं, आणि साध्या भेटी मिळालेल्यांत 53 टक्के. तोच धागा पुढे गोव्यात आला आणि वस्तीतल्याच अनुभवी बायका हे काम करू लागल्या. तिथे त्यांना ‘सखी’ म्हणत. आपल्या आईला टॉनिकाऐवजी अशी एखादी सखी आणि एक चांगले मनोविकारतज्ज्ञ वेळेवर मिळायला हवे होते. तुला ते मिळतील, याची जबाबदारी माझी.

तर आता कामाचं सांगते, नीट लक्ष दे.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं, चिडचिड होते. ते बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही मन उदास राहिलं, बाळाकडे बघून काहीच वाटेनासं झालं, बाळ झोपलं असतानाही झोप येईना, ‘मी नसले तर बरं’ असं मनात आलं, तर थांबायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. एडिंबराची म्हणून ओळखली जाणारी दहा प्रश्नांची एक छोटी चाचणी असते, 1987 पासून जगभर वापरतात. ती सहाव्या आठवड्याच्या तपासणीला मागून घे. आणि हजारात एकदोघींना एक वेगळाच त्रास होतो. रात्र रात्र झोप नाही तरी अंगात वारं भरल्यासारखं वाटतं, आवाज ऐकू येतात, बाळाबद्दल भलतेसलते विचार खरे वाटू लागतात. तसं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री इस्पितळात न्यायचं. हे तुला कळेलच असं नाही, म्हणून तुझ्या नवऱ्याला आत्ताच वाचून दाखव.

डॉक्टरांनी औषध दिलं तर ‘अंगावर पाजतेय’ म्हणून मनाने बंद करायचं नाही. पाजत असतानाही चालणारी औषधं असतात, कुठली ते डॉक्टर ठरवतील. उपचार न केलेलं डिप्रेशन हेही बाळापर्यंत पोचतंच. मध्यरात्री मन घाबरं झालं आणि कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेव. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

डिंकाचे लाडू, अळीव, शेक-शेगडी सगळं होऊ दे. पण बाळंतिणीला सगळ्यात जास्त लागते ती सलग झोप, आणि ती तिच्या एकटीच्या हातात नसते. रात्रीची एक पाळी तुझ्या नवऱ्याने घ्यायची, हे आत्ताच ठरवा. बाबा झालेल्या पुरुषांनाही डिप्रेशन येतं आणि त्याचाही बाळावर परिणाम होतो, तेव्हा त्याचीही विचारपूस करत राहा. तुझ्या सासूबाईंना आईच्या दुखण्याबद्दल सांगायचं की नाही, असं विचारलं होतंस. सांग. त्या समजूतदार आहेत, आणि घरात तुझ्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवणारं आणखी एक माणूस तुला हवंय. तुला नको वाटत असेल तर मी बोलेन त्यांच्याशी.

बाळाशी काय करायचं ते मावशीकडून शीक. आंघोळ घालताना, लंगोट बदलताना, टाळूला तेल भरताना बोल, आणि बोलून थांब. मन रमत नसेल त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर दे. बाळाला अनेकांच्या मांड्या चालतात, फक्त त्या ओळखीच्या आणि रोजच्या असाव्यात.

आणि पहिली दोन-तीन वर्षं निभावली की सुटलो, असं मात्र समजू नकोस. मानसिक आजारांतले साधारण एक तृतीयांश चौदाव्या वर्षाच्या आत सुरू होतात आणि पंचविशीपर्यंत जवळपास दोन तृतीयांश. म्हणजे दहावी-बारावीच्या वयात पुन्हा एकदा मुलाच्या जवळ असावं लागतं, त्याची झोप, त्याचे मित्र, त्याचं गप्प राहणं याकडे लक्ष असावं लागतं. गांजासारख्या गोष्टींपासून तर त्या वयात फारच जपायला हवं, कारण वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम घातक होतो. त्या वयात मुलाला आपल्या घराची हकीकत सांग. पणजीचे भाऊ कसे होते, आजी कशी आजारी पडली आणि कशी बरी झाली, सगळं. मधुमेह घरात आहे हे आपण सांगतो, तसंच हेही सांगायचं. ज्या मुलाला हे माहीत असतं ते स्वतःला बरं वाटत नसलं तर लवकर बोलतं. आपण बोललो नाही, कारण आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बघ, बाळाला कुठली जनुकं जायची ती गेली आहेत. त्यांच्याबद्दल झुरून आता काही बदलणार नाही. बदलू शकतं ते इथून पुढचं, आणि त्यातला मोठा वाटा तुझ्या मनाच्या तब्येतीचा आहे. म्हणून मदत मागणं हे बाळासाठी केलेलं पहिलं काम समज. ते तुला एकटीला करायचं नाहीये. मी महिनाभराची रजा टाकतेय, मावशीही यायला तयार आहे, वय झालं तरी पाटावर बसायचा तिचा हट्ट आहे. तू फक्त एक कर. पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा डॉक्टरांना आईचं दुखणं स्पष्ट शब्दांत सांग आणि फाइलमध्ये लिहून घ्यायला लाव. संकोच वाटला तर मला फोन लाव आणि त्यांच्या हातात दे, मी सांगते.